शुक्राच्या हातातली कुऱ्हाड

“हे चित्र तुम्हीच काढलंत ना? आणि चित्रातला माणूस हाच?” मामलेदार रावसाहेबांनी विचारलं.

“हाच. जसाच्या तसा,” येसाजी म्हणाला. म्हणताना त्याची छाती फुगली होती, खोटं कशाला बोला. कचेरीच्या भिंतीला टेकवलेला रंगातला शुक्रा ठाकर आणि दोन शिपायांच्या मधे उभा असलेला शुक्रा ठाकर यांत डावं-उजवं करणं कठीण होतं. तीच कपाळावरची शीर, तेच पिंगट डोळे, तीच कानाची फाटकी पाळी. कारकुनांनीसुद्धा लेखण्या खाली ठेवल्या होत्या.

“ठीक,” रावसाहेब म्हणाले. “म्हणजे साग यानेच तोडला.”

आपल्याला कचेरीत कशाला बोलावलं ते येसाजीला आत्ता कुठे कळलं.

सरकारने रान राखीव केल्यापासून फांदीला हात लावायची सोय नव्हती. अशात नेरळवरच्या रानातला एक जुना साग कुणीतरी आडवा केला. रानाचे शिपाई चोर शोधून थकले. तेवढ्यात रानसाहेबाच्या, म्हणजे रानखात्याच्या गोऱ्या साहेबाच्या, बंगल्यात येसाजीचं नवं चित्र लागलं. चित्रात शुक्रा, त्याच्या हातात कुऱ्हाड, पायाशी सागाचं ताजं खोड. शिपायांना आणखी काय हवं होतं?

शुक्राकडे कुऱ्हाडच नव्हती. त्याचं पोट मधावर आणि कंदमुळांवर. येसाजी शिकला त्या मुंबईच्या चित्रशाळेत एका विलायती चित्राची छापील प्रत टांगलेली असे. लाकूडतोड्या कुऱ्हाडीला टेकून उभा. येसाजीने तिची इतक्यांदा नक्कल केली होती की डोळे मिटले तरी तेच चित्र दिसे. गावी परतल्यावर शुक्रा चित्रासाठी समोर रिकाम्या हातांनी उभा राहिला, तेव्हा सगळं अळणी वाटलं. मग येसाजीने आपल्याच घरातली कुऱ्हाड आणून त्याच्या हाती दिली. खोड तर निव्वळ मनानेच रंगवलं.

शुक्रा तेव्हा कुरकुरला होता. कुऱ्हाड आपली नाही, शिपाई आधीच रानात राहणाऱ्या ठाकरांवर डोळा ठेवून असतात, असं काहीबाही म्हणत होता. येसाजीने ते हसण्यावारी नेलं होतं.

“तू उगा राहा रं,” तो म्हणाला होता. “मी कदी खोटं काढत नाय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच की हात येसाजीचा आणि अवलक्षण शुक्राच्या कपाळी.

दाराशी शुक्राची बायको आवडी उभी होती. ती येसाजीकडे बघत होती, पण रागाने नव्हे. दादा आलेत, आता दादा सोडवतील, असा भरवसा तिच्या तोंडावर होता. राग असता तर सोसला असता. हा भरवसा त्याला सोसवेना.

तरीही त्याच्या मनात आधी आली ती स्वतःची कमाई. रानसाहेबाने आपल्या मडमेचं चित्र त्याला काढायला सांगितलं होतं. येसाजी चित्रात खोटं मिसळतो अशी बोंब उठली, तर ते काम गेलंच म्हणायचं. हा विचार अशा वेळी मनात आलाच कसा, याची त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेनेच तो पुढे झाला.

“रावसाहेब, कुऱ्हाड माझी आहे. खोड मी मनाने काढलं. चित्रात तेवढं खोटं आहे.”

रावसाहेब हसले. गरिबाची दया येते, चांगलंच आहे, म्हणाले. पण जो माणूस कानाची फाटकी पाळीसुद्धा सोडत नाही, तो अख्खं झाड मनाने काढील, हे कुणाला पटेल? तरी त्यांनी शुक्राला चित्राजवळ बोलावलं आणि तूच काय ते सांग म्हणाले.

शुक्राने पुरं झालेलं चित्र पाहिलंच नव्हतं. तो वाकला. स्वतःच्याच डोळ्यांत डोळे घालून बराच वेळ पाहत राहिला. कुऱ्हाडीच्या पात्याला त्याने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. येसाजी जोरजोराने नकारार्थी मान हलवत होता, पण शुक्राचं तिकडे लक्षच नव्हतं.

“मला तर आठवत नाय, रावसायेब,” तो हळूच म्हणाला. “पण दादा कदी खोटं काढत नाय. माज्या हातात हाय, म्हंजी मीच तोडलं आसंल.”