देवळाबाहेरचे बूट

देवळाची पायरी येताच शैलाताईंनी पडद्यावरच्या आपल्या योद्ध्याचे बूट काढून बाजूला ठेवले.

"आई, पुन्हा?" केतकी वैतागली. "अगं, आतली फरशी पेटलेली असते. त्यासाठीच तर ते जादूचे बूट आहेत. गेम आहे हा!"

"गेम असला म्हणून काय झालं? पायताणं घालून देवळात शिरू?"

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शैलाताईंचा डावा हात रुसून बसला होता. बोटांना व्यायाम म्हणून लेकीनेच त्यांना हा राक्षसांचा आणि जादूचा खेळ लावून दिला होता. योद्ध्याला चालवायचं डाव्या अंगठ्याने, आणि तो मेला भलतीकडेच वळायचा. बूट असते तर कसंही चालून भागलं असतं. अनवाणी मात्र त्या पेटलेल्या फरशीत मधूनमधून असलेली गार लादी हेरून नेमकं तिच्यावरच पाऊल टाकावं लागे. सकाळपासून योद्धा कितीदा भाजून मेला, त्याला गणती नव्हती.

"ऊठ रे बाबा, चल," त्या योद्ध्याला म्हणाल्या की अंगठ्याला, कोण जाणे.

या खेपेला अंगठा थरथरला, पण वळला. एक लादी झाली, मग दुसरी. योद्धा मूर्तीपाशी पोचला तेव्हा केतकी पडद्याकडे बघतच नव्हती, आईच्या अंगठ्याकडे बघत होती.

नमस्कार करून योद्धा बाहेर आला, तर पायरी रिकामी! एक पिटुकला राक्षस बूट बगलेत मारून झाडीकडे पळत होता.

"बघ," शैलाताई खुशीत म्हणाल्या, "देऊळ अगदी खरं आहे!"

आणि डाव्या अंगठ्याने त्यांनी योद्ध्याला चोराच्या मागे पिटाळलं.