चौथं नाव

“पुन्हा सांगा, आजी. कोणत्या शहरातून आलात?” दुभाष्याने विचारलं.

“गावातून,” म्हातारी म्हणाली.

“मी शहर विचारलं. राजधानी.”

“तेच सांगतेय. आम्ही तिला गावच म्हणतो.”

दुभाष्याने पेन टेबलावर आपटलं. राजधानीतून जीव वाचवून आलेल्यांनाच या देशात थारा मिळे, म्हणून जो तो स्वतःला राजधानीचाच म्हणवून घेई. खरा कोण नि खोटा कोण, हे बोलण्यावरून ओळखायचं काम दुभाष्याचं. त्या शहराला नावं तीन. सरकारी भाषेतलं एक, परदेशी नकाशांवरचं दुसरं, तिथल्या लोकांच्या तोंडचं तिसरं. अर्जदार तिसरं घोकून येत. दुभाषा मग पूल, गल्ल्या, बाजार विचारून त्यांना उघडं पाडी. चौदा वर्षांत त्याने शेकड्यांनी माणसं परत पाठवली होती. कचेरीच्या नोंदीत राजधानीत जन्मलेला तो एकटाच, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा.

टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे.

“काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

“राजधानीला गाव म्हणते.”

“म्हणतात का तसं?”

“मी तिथे वाढलो, बाई. एकदाही ऐकलं नाही.” तो म्हातारीकडे वळला. “नदीवर पूल किती?”

“दोन.”

“तीन आहेत.”

“तिसरा पाडला त्याला वीस वर्षं झाली. मेल्या, नकाशात बघून विचारतोस होय रे?”

दुभाष्याची कानशिलं तापली. “तोंड सांभाळा. तुम्हाला ठेवायचं की हाकलायचं, माझ्या हातात आहे.”

“ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या पोरीलाही असंच हाकललंत. लाजा कशा वाटत नाहीत रे तुम्हाला? आपलीच माणसं ना आम्ही?”

“पोपटपंची आहे सगळी,” दुभाषा बाईंना म्हणाला. “एक उत्तर धड नाही. नकार लिहा.”

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. मग थांबल्या. “शेवटचा रकाना राहिला. इथे रक्ताचं कुणी आहे का? असेल तर ठेवून घ्यावं लागेल.”

दुभाष्याने तुटकपणे प्रश्न म्हातारीपुढे टाकला.

तिने पदराने तोंड पुसलं.

“मुलगा आहे,” ती म्हणाली. “चौदा वर्षांपूर्वी निघाला. पत्र नाही, निरोप नाही. मेला म्हणून मी रडूनही घेतलं. मग ती पोर परत आली. तिच्या नकाराच्या कागदाखाली तपासणाऱ्याचं नाव होतं. माझ्या मुलाचं! याच कचेरीत आहे तो, तुझ्यासारखंच काम करतो. हाक मार ना त्याला. पोरीला हाकललं म्हणून आधी कान उपटते, मग पोटाशी धरते.”

आणि तिने मुलाचं नाव सांगितलं, थेट त्यांच्या भाषेतल्या उच्चारात. अधिकारी बाईंनी मानही वर केली नाही. त्या नावाचं कचेरीतल्या जिभांनी केव्हाच काहीच्या बाही करून टाकलं होतं.

म्हातारी दुभाष्याकडे बघत होती, परक्याकडे बघावं तशी. ते नाव त्याने सीमेवरच्या जंगलात, तापाने गेलेल्या सोबत्याच्या खिशातून कागदांसकट काढून घेतलं होतं. राजधानीत त्याने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं.

“काय म्हणते?” बाईंनी पेन उचललं.

“म्हणते, माझं इथे कुणीच नाही.”