हिरवा लाइट

घरचं वायफाय बंद पडलंय, तेव्हा सुट्टीतही होस्टेलवरच राहून अभ्यास कर, असं इंद्रभाननी लेकीला कळवलं होतं. पण संजीवनीनं बुलढाण्याहून फोन लावलाच.

"बाबा, मोबाईलात 'नेटवर्क विसरा' दिसते का? ते दाबा."

"दाबलं."

"आता माह्या खोलीतल्या राऊटरची पिन काढून परत लावा. हिरवा लाइट लागते का पाहा."

इंद्रभान खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. "लाइट दिसून नाही राह्यला."

"टेबलापाशी जाऊन पाहा ना."

"जाता येत नाही, बाई."

"काऊन?"

मागं संजीवनीची आई हात खाजवत बसली होती. ती म्हणाली, "सांगून टाका आता तिले."

"तुह्या खोलीत कापूस भरला आहे. टेबल, पलंग, सारं त्याच्याखाली गेलं. छताले टेकला."

संजीवनी हळूच म्हणाली, "तं वायफाय कधी सुरू होईन, बाबा?"

"कापसाले भाव आला का होईन."