गळ्यातला दाणा

"घास उतरतो, पण सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं," यशवंत घोगळे म्हणाला.

डॉक्टर शर्वरीने दुर्बिणीतून पाहिलं. गळा स्वच्छ होता. साक्षीआधी कोर्टाने बसवलेला तांदळाएवढा दाणा तेवढा आत होता. साक्ष खोटी असेल, तर कोर्टात खरं बोलेपर्यंत तो गळा आवळत राही.

"तेवढा काढून टाका, बाई. खरं बोललो तर मीच तुरुंगात जाईन."

"विश्राम टिळेकर तुरुंगात गेला ना, तुमच्या साक्षीवर? माझा भाऊ. तिथेच वारला तो."

यशवंतचा चेहरा उतरला. "मी आजच कोर्टात खरं सांगतो."

"तो वारला आणि खटला बंद झाला. आता तुमचं ऐकायला कोर्ट बसणार नाही."

दाणा मिनिटभरात निघाला असता. शर्वरीने चिमटा शांतपणे ट्रेमध्ये परत ठेवला.

"मिठाच्या गुळण्या करा," ती म्हणाली आणि तिने पुढच्या पेशंटला बोलावलं.