आईची माफी

"आणखी एकदा सांगा त्यांना," बाई नवऱ्याला म्हणाली. "म्हणावं, मी पाया पडते."

समोर मेलेल्या मुलाची म्हातारी आई बसली होती, खाली मान घालून. तिची भाषा बाईला येत नव्हती, म्हणून प्राध्यापक नवराच दुभाषा झाला होता. त्या मुलाची सायकल अजून भिंतीला टेकून उभी होती. बाई सायकलीकडे बघणं टाळत होती.

या परक्या मुलखात शिकायला आलेल्या तिच्या लेकाने भांडणात खोलीतल्या सोबत्यावर सुरी चालवली होती. त्याला फाशीची शिक्षा झाली, आणि प्राध्यापकांची वाचाच बसली. एरवी या माणसाचं तोंड बंद करणं मुश्कील! देशोदेशींचे कायदे ताडून बघण्यात जन्म गेलेला. इतर घरांत जेवताना मीठ मागतात, यांच्या घरात दाखले. पण त्या बडबडीतलं एक वाक्य बाईने पक्कं लक्षात ठेवलं होतं: आपल्याकडे खुन्याला फक्त सरकार माफ करू शकतं, तिकडे मेलेल्याची आईसुद्धा करू शकते. त्या एका वाक्याच्या जोरावर ती नवऱ्याला ओढत इथे घेऊन आली होती.

म्हातारी उठली. बाईच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या? अहो, बोला ना!"

"म्हणतात, एक गेला तो पुरे. माफ केलं."

दोघी आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

रस्त्यावर बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. आधी वकील गाठू, मग तुरुंगात जाऊन पोराला सांगू, असं तिचं चाललेलं. प्राध्यापक मात्र एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

"अगं, तो कायदा आता नाही. बदलला. आईच्या माफीला काही अर्थ उरला नाही."

बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि तुम्ही मला येऊ दिलंत?"

"वाटलं, त्या नाहीच म्हणतील. मग सांगायची वेळच येणार नाही."

"कुणी बदलला हा कायदा?"

"इथल्या सरकारने बाहेरचा जाणकार बोलावला होता. त्याने सांगितलं, कुणाचा जीव घ्यायचा की सोडायचा, हे आईच्या रडण्यावर ठरू नये."

"मेल्याला पोटचं पोर नव्हतं का?"

"आहे," प्राध्यापक म्हणाले. "इथल्याच तुरुंगात."