शुद्धिपत्र

छोट्या प्रकाशकांचे कवितासंग्रह माझ्याकडे परीक्षणाला येतात. बहुतेकांत पुस्तकाचीही बांधणी सैल असते आणि कवितेचीही. अशाच एका संग्रहात मात्र एका ओळीनं मला अडवलं: ‘आईने चूक कधी विझू दिली नाही.’ बाकी कविता बेताच्याच होत्या, तरी या ओळीसाठी मी कवयित्रीला डोक्यावर घेतलं. परीक्षण छापून आलं आणि तिचा फोन आला. “सर, ती ‘चूक’ छपाईची चूक आहे. मी ‘चूल’ लिहिलं होतं.” माझं तोंड कडू झालं. चूल काय, कुणीही लिहितं! “प्रकाशकांना शुद्धिपत्र चिकटवायला सांगा,” मी तुटकपणे म्हणालो. “ते तयारच होते. मीच नको म्हटलं.” “का? फुकटचं कौतुक आवडलं?” “आईनं तुमचं परीक्षण वाचलं, सर. ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून हळूच विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’”