निःपक्षपाती निवाडा

सहलीला आल्यापासून हॉटेलात बायका एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या खोलीत, अशी सुनेने व्यवस्था लावली होती. आज मात्र न्याहारीच्या टेबलावरच कुटुंबात उभी फूट पडली. सून आणि लेक समुद्रकिनाऱ्यासाठी हटून बसल्या, तर मुलगा आणि नातवंडे उद्यानातल्या अजस्र पाळण्यांसाठी.

"बाबा, जन्मभर न्यायदान केलंत. आता तुम्हीच काय तो निकाल द्या," मुलगा मेटाकुटीला येऊन म्हणाला.

आजोबांनी सावकाश चष्मा पुसला. "ज्याला जिकडे रुचेल, तिकडे त्याने जावे. मात्र दिवेलागणीपूर्वी कुणीही परतू नये. अर्धवट उपभोगाने असंतोषच वाढतो."

"आणि तुम्ही कुणाकडून?" सुनेने विचारले.

"न्यायाधीशाने कोणत्याही पक्षाच्या गाडीत बसू नये."

"मग आई?"

"माझे मेले गुडघे!" आजी कळवळल्या. "वाळूत रुततात आणि पाळण्यात अडकतात. तुम्ही जा गं, माझं काय!"

दोन्ही गाड्या वळणाआड झाल्या मात्र, आजी आजोबांच्याही आधी तरातरा जिना चढून गेल्या. 'कृपया व्यत्यय आणू नये' ही पाटी त्यांनी खोलीच्या दाराबाहेर अडकवली आणि आजोबा आत येताच कडी घातली. आजोबांच्या मुखावर पहिल्या नेमणुकीच्या दिवशीचे तेज आले.

"सुनेच्या डोक्यात समुद्र मी भरवला, नातवंडांच्या डोक्यात पाळणे तुम्ही," आजी पदराने घाम टिपत म्हणाल्या. "आता उद्याचं भांडण कशावरून लावायचं, तेवढं आधी ठरवा."